जुना मॉनिटर नव्या कॉम्प्युटरला जोडताना

दुकानात येणारी माणसं मॉनिटर काखेत धरूनच विचारतात, "नव्या सीपीयूला हे निळं पोर्टच नाही, भंगारात घालू का?" घालू नका. पडदा स्वच्छ उजळत असेल तर त्यात अजून जीव आहे.

आधी मागची बाजू बघा. तीन ओळींत पंधरा पिनांचं ते निळं पोर्ट म्हणजे व्हीजीए. आयबीएमने १९८७ साली आणलेलं. त्यातून लाल, हिरवा, निळा हे रंग कमीजास्त व्होल्टेजने, म्हणजे अॅनालॉग रूपात जातात. जाड सीआरटीला, म्हणजे काचेच्या नळीच्या जुन्या मॉनिटरला, तेच हवं असायचं. सपाट एलसीडी आल्यावर मात्र कॉम्प्युटरने आकड्यांचं व्होल्टेज करायचं आणि मॉनिटरने परत त्याचे आकडे करायचे, असा दुहेरी खटाटोप सुरू झाला. म्हणून १९९९ मध्ये थेट आकडेच, म्हणजे डिजिटल सिग्नल, पाठवणारं डीव्हीआय आलं, पुढे एचडीएमआय, मग डिस्प्लेपोर्ट. २०१० च्या डिसेंबरात इंटेल, एएमडी आणि काही मोठ्या कंपन्यांनी व्हीजीएला २०१५ पर्यंत निरोप द्यायचं जाहीर केलं.

मॉनिटरला डीव्हीआय असेल तर तुमचं काम सोपं आहे. एचडीएमआय ते डीव्हीआय साधी केबल घ्या; दोन्हीकडे सिग्नल डिजिटलच, चित्रही जास्त रेखीव. आवाजासाठी स्पीकर हिरव्या जॅकला वेगळे लावा.

फक्त व्हीजीए असेल तर डिजिटलचं अॅनालॉग करणारी चिप आत असलेला कन्व्हर्टर लागतो. दोन टोकं जोडलेली नुसती वायर घेऊन पैसे घालवू नका. दिशाही तपासा: कॉम्प्युटरकडे एचडीएमआय, मॉनिटरकडे व्हीजीए. उलटा कन्व्हर्टर ही वेगळी वस्तू आहे, ती इथे चालत नाही.

जोडल्यावर व्हीजीए प्लगचे दोन्ही स्क्रू हाताने घट्ट करा. जुन्या चौकोनी सतरा इंची एलसीडीला रिझोल्यूशन १२८० बाय १०२४ आणि ६० हर्ट्झ ठेवा, मग मॉनिटरवरचं ऑटोचं बटण दाबा. थरथरणारी अक्षरं बहुधा जागेवर येतात. सगळं पिवळट किंवा गुलाबी दिसलं तर आधी प्लग बघा. पहिल्या तीन पिनांतून लाल, हिरव्या, निळ्या रंगाचे सिग्नल जातात. एखादी वाकली असेल तर बारीक चिमट्याने हळूच सरळ करा. नववी पीन मुळातच नसलेल्या केबल्स पुष्कळ असतात, त्यामुळे ती नाही म्हणून घाबरू नका.

सीआरटी असेल तर त्याचं मागचं कव्हर घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही नळीत हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.