जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवताय? मग या चुका टाळा

जुन्या जीन्सची पिशवी भाजीबाजारात फाटली की पहिला दोष शिलाईला दिला जातो. पण नीट बघा, बऱ्याचदा टीप अगदी शाबूत असते आणि तिच्या शेजारचं कापड फाटलेलं असतं. म्हणजे मशीन बरोबर होतं, चुकलं ते कापड निवडताना.

जुना कपडा सगळीकडे सारखा जुना नसतो, हे लोक विसरतात. जीन्स मांडीच्या आतल्या बाजूला, गुडघ्यावर आणि बसायच्या जागी विरते, पण पोटरीमागचा भाग वर्षानुवर्षं घट्ट राहतो. शर्टाची पाठ चांगली असते, काखा आणि कोपर गेलेले असतात. कॉटनच्या साडीत टाचेजवळची खालची कड घासलेली असते आणि कमरेला आत खोचला जाणारा पहिला फेर बऱ्यापैकी नवा असतो. म्हणून कात्री लावायच्या आधी कापड खिडकीसमोर उजेडात धरा, जिथे जाळी दिसते तिथे खडूने फुली मारा, मग दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा, चर्र आवाज आला तर तो तुकडा सरळ पायपुसण्यात घाला. माया नको.

दुसरी मोठी चूक म्हणजे टेलरकडून आणलेली कात्रणं आणि घरातले जुने कपडे न धुता एकत्र शिवणं. जुना कपडा पन्नासदा धुतलेला असतो, त्याचं जे काय आटायचं ते आटून झालेलं असतं, कात्रण मात्र कोरं असतं. पिशवी पहिल्यांदा धुतली की कात्रण आटतं, जुनं कापड तसंच राहतं आणि पिशवीला सुरकुत्या पडतात, त्या इस्त्रीनेही जात नाहीत. कात्रणं रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मगच कापा. रंग जातोय का तेही तेव्हाच कळतं, ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून बघायचं. लाल किंवा गडद निळा उतरत असेल तर तो पांढऱ्या अस्तराजवळ नकोच, रंग पक्का करायला मीठ-तुरटीच्या पाण्यावर फार विसंबू नका.

कात्रणात अजून एक भानगड असते, उभा धागा (कापडाच्या लांबीचा) कुठला आणि आडवा कुठला ते समजत नाही. किनार, म्हणजे कापडाची विणलेली मूळ कड, असेल तर सोपं, उभा धागा तिच्या बाजूने जातो, नसेल तर दोन्हीकडून ओढून बघा, कमी ताणला जातो तो साधारण उभा. तुकडा तिरका म्हणजे उरेब आला असेल तर तो वजनाच्या जागी लावू नका, लोंबतो. लायक्रावाल्या जीन्सचंही तसंच, ती आडवी ताणली जाते, त्यामुळे पायाची लांबी तीच पिशवीची उंची ठेवा, उलटं केलंत तर पाच किलो कांदे घेतल्यावर पिशवी गुडघ्याला लागेल.

आता पैठणी आणि सिल्कच्या साड्या. आईची साडी आहे म्हणून तिची टोट बॅग करायचा मोह होतो, पण वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं सिल्क घडीवर चिरतं, आणि बाजूचा काठ अजून मजबूत दिसतो म्हणून फसायला होतं. काठ उसवून जीन्सवर किंवा जाड सुती कापडावर पट्टीसारखा लावा. बाकीच्या सिल्कचा पाउच करा, आतून सुती अस्तर देऊन. खणाचे धागे कडेने भराभर सुटतात, म्हणून कापल्या कापल्या कडेला इंटरलॉक (कड गुंफणारी शिलाई) किंवा झिगझॅग टाका मारून घ्या आणि मार्जिन, म्हणजे टिपेबाहेरचं कापड, निदान अर्धा इंच ठेवा.

बंदाकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि पिशवी तुटते ती तिथेच. एक इंचाचा बंद हवा तर चार इंचाची पट्टी कापा, दोन्ही कडा मध्याकडे दुमडा, परत दुमडा, चार पदर झाले. ही पट्टी उभ्या धाग्यातच कापायची. जोडताना बंदाचं टोक पिशवीवर दीड इंच तरी खाली घ्या, चौकोनी टीप मारा आणि चौकोनात फुली. आतल्या बाजूने जीन्सचा एक तुकडा ठिगळासारखा ठेवलात तर ओढ एकाच जागी येत नाही. आणि टाका बारीक केला की शिलाई मजबूत होते हा गैरसमज सोडा, फार बारीक टाका म्हणजे पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग, कापड तिथूनच सुटतं. तीन ते साडेतीन मिलिमीटर पुरे. दोरा पॉलिस्टरचा. आजीच्या डब्यातलं सुती रीळ आधी हाताने तोडून बघा, पटकन तुटलं तर वापरू नका.

चेन लावत असाल तर 5 नंबरची घ्या, टेलरिंग मटेरियलच्या दुकानात मीटरवर मिळते आणि रनर (चेन उघडायचा-लावायचा सरकता तुकडा) सुटे मिळतात. 3 नंबरची पँट-ड्रेसला ठीक, पिशवीला नाजूक पडते. आणि शेवटची बाजू शिवायच्या आधी चेन अर्धी उघडा!! नाहीतर पिशवी उलटी करायला जागाच उरत नाही, मग उसवत बसा.

मशीन कुरकुरत असेल तर पुढचं बघा:

खालून दोऱ्याचा गुंता होतोय – सगळे बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या रिळाला) शिव्या घालतात, पण बहुतेक वेळा वरचा दोरा ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये बसलेला नसतो. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, वर उचलून दोरा पहिल्यापासून ओवा.

मध्येमध्ये टाके सुटतायत – सुई बोथट किंवा चुकीची. साध्या सुती कापडाला 14 नंबरची, जीन्सला 16, खूप पदर असतील तर 18. लेगिंग, टीशर्टला बॉलपॉइंट (गोल टोकाची) सुई.

जाड जोडावर मशीन अडतंय – जोड कापडात गुंडाळून बत्त्याने ठोकून चपटा करा. फूट पुढून वर उचलला जात असेल तर त्याच्या मागच्या भागाखाली तेवढ्याच जाडीची कापडाची घडी ठेवा आणि चाक हाताने फिरवा, पाय मारू नका, सुई मोडून तुकडा उडतो.

जीन्स शिवल्यावर बॉबिनखाली निळा कापूस साचतो. तो ब्रशने काढा, फुंकर मारली की आत जातो, मग तेलाचा एखादा थेंब, आणि पुढची पांढरी पिशवी घ्यायच्या आधी चिंधीवर दोन-चार टिपा मारून घ्या, नाहीतर तेलाचा डाग तिच्यावर पडतो.