मुंबई–नागपूर विमानाने : निघण्याआधीची तयारी

मुंबई ते नागपूर हवाई अंतर साधारण 690 किलोमीटर. रेल्वेने सीएसएमटीपासून 837. तिकिटावर दीड-पावणेदोन तास लिहिलेले असतात, आणि आपण तेवढेच धरून नागपुरात दुपारी बाराचं लग्न गाठायचं ठरवतो. चूक तिथेच होते.

तिकिटावरची वेळ म्हणजे विमान जागेवरून हललं तिथपासून दुसऱ्या टोकाला उभं राहीपर्यंतची. हवेत ते सव्वा तासाच्या आसपासच असतं. उरलेला वेळ रनवेच्या रांगेत जातो. मुंबईच्या जुन्या विमानतळावरच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. परतीला वेळ थोडा जास्तच धरा. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. जाताना ते पाठीशी असतात, येताना तोंडावर. शिवाय मुंबईवर गर्दी असली की विमान आकाशातच घिरट्या घालत बसतं आणि खाली तीच खाडी तिसऱ्यांदा दिसते.

म्हणून आधी तिकीट नीट वाचा. सांताक्रूझचं टर्मिनल 1, सहारचं टर्मिनल 2, की नवी मुंबई? मी एकदा रिक्षावाल्याला नुसतं ‘डोमेस्टिक’ म्हणालो आणि सांताक्रूझला उतरलो. विमान सहारहून होतं. मधल्या चार-पाच किलोमीटरना सकाळी जो वेळ लागला, तेवढ्यात विमानाने नाशिक ओलांडलं असतं.

वेब चेक-इन आदल्या रात्रीच उरका. सामान द्यायचं असेल तर काउंटर बहुतेक तासभर आधी बंद होतो, गेट साधारण 25 मिनिटं आधी. ओळखपत्रावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव एकच आहे ना, हे बुकिंग करतानाच बघा. काकांचं पाळण्यातलं नाव तिथे चालत नाही.

हातातल्या बॅगेचं वजन बहुधा 7 किलोपर्यंत चालतं. पॉवर बँक त्याच बॅगेत ठेवा, खाली द्यायच्या सामानात नाही. लोणच्याची बरणी मात्र हातात नको. मावशीने फडक्यात गुंडाळून, वर दोरा बांधून दिलेली बरणी तपासणीच्या ट्रेमध्ये मागे राहताना बघवत नाही.

डिसेंबरात जाणार असाल तर विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या तारखा बघूनच तिकीट काढा. त्या आठवड्यांत निम्मं मंत्रालय नागपुरात असतं, तिकिटंही महागतात आणि हॉटेलंही मिळत नाहीत. धुक्याचे दिवसही तेच. नागपुरात लख्ख ऊन असलं तरी तुमचं विमान सकाळी दिल्लीहून येणार असेल तर त्याचा उशीर तुमच्या वाट्याला येतो. आधीची फेरी कुठून आहे ते ॲपवर दिसतं.

आता सगळं मिळून उलटा हिशेब करा. बारा वाजता मांडवात असायचं तर अंधेरीच्या घरातून सहाला निघा. नागपूरचा विमानतळ सोनेगावला, शहराला लागूनच आहे, मेट्रोचं स्टेशनही आहे, त्यामुळे तिकडची काळजी नाही.

आणि स्वेटर हातातल्या बॅगेत वर ठेवा. मुंबईकर तो सामानात तळाशी घालतो आणि मग पट्ट्यापाशी दंड चोळत बॅगेची वाट बघतो.