लेखनशाळेचा गल्ला

दलित-आदिवासी लिहित्या पोरांच्या आमच्या कार्यशाळेचा हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून सांगते. दलित साहित्यातले मोठे लेखक बाबूराव बागूल आमच्या नाशिकजवळच्या विहितगावचे, हे सगळे अभिमानाने सांगतात. पण चहाचे पैसे कोण देणार?

मागायला गेलात की ‘साहित्यसेवा’ म्हणू नका, खर्च सांगा. ‘सुरगाण्याच्या मुलीचं महिन्याचं एसटीभाडं आणि जेवण तुमच्याकडे’ म्हटलं की माणूस खिशात हात घालतो. एका बड्या देणगीदारापेक्षा दरमहा शंभर-दोनशे देणारे गाठा. नाशिकरोडला सरकारी नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले काका-काकू उत्तम. देतात आणि हिशेबही विचारतात. १४ एप्रिलच्या तोंडावर मात्र जाऊ नका, तेव्हा प्रत्येकाच्या हातात जयंतीचं पावतीपुस्तक असतं.

पावती जागच्या जागी फाडा. संस्थेची देणगीवरच्या आयकर सवलतीची (८०जी) नोंदणी असली, तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही; तिथे यूपीआय किंवा चेकच घ्या. अमेरिकेचा पासपोर्ट घेतलेल्या भाच्याचे पैसे परदेशी देणगीसाठी लागणाऱ्या एफसीआरए नोंदणीशिवाय संस्थेला चालत नाहीत, घरचा असला तरी.

आणि हॉलचं भाडं वाचवायचं, तर विहाराच्या कमिटीकडे रविवारची दुपार मागा. जाताना झाडून द्या, पंखे बंद करा. पुढच्या खेपेला किल्ली सहज मिळते.