हॅमॉकात नीट झोपायचं असेल तर आधी तो ढिला बांधा

पन्हाळा-विशाळगड वाटेवर किंवा राधानगरीकडं कॅम्पला जाताना बरेच जण हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायची कापडी झोळी, घेऊन जातात आणि सकाळी कंबर धरून उठतात, मग म्हणायचं हॅमॉक फोटोपुरता बरा, झोपायला टेंटच पाहिजे. मला हे ऐकून लय वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा हॅमॉकचा काही दोष नसतो, तो खाटेसारखा ताणून ताणून बांधलेला असतो एवढंच. ताणला की सपाट होईल असं वाटतं पण होतं उलटंच, दोन्ही कडा खांद्यावर आवळतात, कूस बदलली की पलटी व्हायची भीती, आणि आडवं पडायला जागाच उरत नाही.

त्यामुळं पहिली गोष्ट म्हणजे झोळ सोडा. झाडापासून हॅमॉककडं येणारा बेल्ट जमिनीला समांतर नको, साधारण 30 अंशांनी खाली उतरता पाहिजे. अंश मोजायला काही लागत नाही, अंगठा आणि तर्जनी काटकोनात धरा, तर्जनी आडवी, अंगठा वर, आणि दोघांच्या टोकांना जोडणारी जी तिरकी रेघ मनात येते तेवढा उतार. हे नुसतं आरामासाठी नाही बरं का. 70 किलोचा माणूस 30 अंशाला झोपला तर प्रत्येक बेल्टवर साधारण 70 किलोचा ताण येतो, तोच 10 अंशाला 200 किलोच्या घरात जातो आणि 5 अंशाला 400 च्या! माणूस तोच, वजन तेच, नुसतं ताणल्यामुळं एवढा फरक. म्हणून गच्चीवरच्या विटांच्या खांबाला हॅमॉक अजिबात बांधू नका, खांब वरचं वजन पेलायला असतो, आडवी ओढ सोसायला नाही, आणि तो पडतो तो आपल्याच अंगावर.

दरवेळी उतार बघत बसायचा कंटाळा येत असेल तर एक दोरी कायमची लावून टाका. हॅमॉकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वरून, न ताणणारी बारीक दोरी, लांबी हॅमॉकच्या लांबीच्या 83 टक्के. 11 फुटी हॅमॉक असेल तर साधारण 9 फूट. ही दोरी असली की झाडं जवळ असोत नाहीतर लांब, झोळ तोच राहतो, शिवाय तिच्यावर टॉर्च, चष्मा, मच्छरदाणी सगळं अडकवता येतं. विकत घेताना लांबी मात्र बघा, 10-11 फुटांपेक्षा आखूड हॅमॉकात उंच माणसाला नीट झोपता येत नाही, आणि जाळीचा तर झोपायला घेऊच नका, अंगावर वळ उठतात.

आता झोपायचं कसं. सरळ मधोमध पडलात की पाठीची कमान होणार, बारकं पोर झोळीत मुटकुळं करून मस्त झोपतं पण आपल्याला ते झेपत नाही. आधी मध्यावर बसा, मग आडवे व्हा, आणि डोकं मधल्या रेघेच्या डावीकडं, पाय उजवीकडं असे तिरके सरका, किंवा उलटं, ज्याला जसं जमेल तसं. फूट-दीड फूट सरकलात की कापड अंगाखाली सपाट होतं, ते लगेच जाणवतं, पाठ टेकते आणि गुडघ्यावरचा ताण जातो. तरीही गुडघे मागं वाकल्यासारखे वाटले तर खाली जर्किनची गुंडाळी सरकवा. आणि पायाकडची बाजू डोक्यापेक्षा वीतभर वर बांधा, नाहीतर अंगाचं वजन वरच्या भागात जास्त असल्यानं रात्रभर पायाकडं घसरत राहता.

झाडांमधलं अंतर 12 ते 15 फूट बरं पडतं. 13 फूट असेल तर बेल्ट खोडाला पाचेक फुटांवर, 15 असेल तर सहाच्या आसपास, आणि तुम्ही बसल्यावर बूड जमिनीपासून दीड फुटावर, खुर्चीच्या उंचीवर. त्याहून उंच बांधायची हौस करू नका. बेल्ट किमान इंचभर रुंद आणि पॉलिस्टरचा, ट्रकवाले माल बांधायला वापरतात तसला चालतो (आवळायचा खटका काढून टाकायचा). नायलॉनची दोरी ताणते, भिजली की अजून ताणते, मध्यरात्री बूड जमिनीला, वर खोडाची साल कापते ते वेगळंच.

झाड मांडीपेक्षा जाड आणि जिवंत पाहिजे. शेवगा, गुलमोहर नको, ठिसूळ असतात. नारळाखाली तर झोपूच नका, नारळ पडो नाहीतर झावळी, दोन्ही वाईट. मळ्यात विहिरीकडंचा आंबा, फणस, जांभूळ उत्तम, पण बांधायच्या आधी मान वर करून नीट बघा, वाळकी फांदी लटकलीय का, आणि आंब्यावर पानं एकमेकांना शिवल्यासारखी दिसली तर ते तांबड्या मुंग्यांचं घर आहे, दुसरं झाड शोधा. मसाई पठारावर रात्र काढायची असेल तर हॅमॉक घरीच ठेवा, उघडा कातळाचा सडा आहे तो, बांधायला झाडं मिळत नाहीत. दाजीपूरच्या जंगलात मनाला येईल तिथं मुक्काम करता येत नाही, अभयारण्य आहे, गवे आहेत, वनखात्याला विचारूनच काय ते.

थंडी खालून लागते, हे नवीन माणसाला कळतच नाही. वर दोन वाकळा घेतल्या तरी पाठ गार पडते, कारण खालचं कापड पातळ आणि आत अंथरलेलं अंगाच्या वजनानं दबतं, त्यात हवा उरत नाही. फोमची चटई तिरकी घाला, ती दबत नाही. माझा स्वतःचा भरोसा घोंगड्यावर, पण अंगाखाली नाही, हॅमॉकच्या बाहेरून खाली दोन्ही टोकांना बांधायचं, पाठीला हलकं टेकेल इतपत, वारं अडतं आणि मधली हवा गरम राहते. डिसेंबरात पन्हाळ्याला याचा फरक लय जाणवतो. डास पण पातळ कापडातून खालून चावतात, चटई त्यालाही कामाला येते.

पावसाळ्यात ताडपत्री हॅमॉकपेक्षा दोन्हीकडं फूटभर तरी लांब पाहिजे. तरी खोडावरून वाहणारं पाणी बेल्टवरून थेट आत येतं, म्हणून ताडपत्रीच्या आतल्या बाजूला बेल्टला सुतळीचा तुकडा घट्ट बांधून लोंबता सोडा. झोपायच्या आधी बेल्टवर बाटलीभर पाणी ओतून बघा, सुतळीवरून खाली टपकलं पाहिजे, पुढं सरकलं तर अजून एक सुतळी बांधा.