ऊन काचेच्या बाहेरच अडवा

उन्हाळ्यात घर फार तापतं, काय करू, असं कुणी विचारलं की मी आधी एकच काम सांगते. दुपारी चारच्या सुमारास घरातल्या प्रत्येक भिंतीला आणि शिडीवर चढून छतालाही आतून हात लावून बघा. सर्वांत जास्त तापलेली जागा सापडली की काम तिथून सुरू. घरं आखण्याच्या माझ्या कामात मी बघते, लोक एसीसारखं यंत्र आधी विकत घेतात आणि ऊन कुठून येतं ते नंतर शोधतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या यंत्राची वीज वर्षानुवर्षं जळत राहते.

बहुतेक वेळा दोषी असते पश्चिमेची खिडकी. तिला आतून जाड पडदा लावून फारसं साधत नाही. ऊन काचेतून आत येतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सुटते. काच उन्हाला सहज आत सोडते, पण तापलेल्या वस्तूंची उष्णता तशी परत जाऊ देत नाही. म्हणून आडोसा काचेच्या बाहेर हवा. बांबूची चिक किंवा दुहेरी शेडनेट चालेल. काचेपासून वीतभर अंतर सोडा, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाते. खालची टोकं गजांना बांधा, नाहीतर वाऱ्याने चिक आपटून फाटते. नुसता छज्जा इथे पुरत नाही. मावळतीचं ऊन तिरपं, छज्ज्याखालून शिरतं, त्याला उभाच आडोसा लागतो. संध्याकाळी मात्र चिक गुंडाळून वर घ्या.

छत तापत असेल तर गच्चीला पांढरा चुना द्या. आधी गळती असेल तर ती बुजवा. मग गच्ची घासून, ओली करून पातळ हात मारा. तो वाळल्यावर दुसरा. चुना डोळ्यांना आणि कातडीला भाजतो, तेव्हा चष्मा आणि हातमोजे घालाच. धूळ बसली की पांढरेपणा कमी होतो आणि ऊन परतवण्याची ताकदही, त्यामुळे दर उन्हाळ्याआधी हे पुन्हा करावं लागतं.

भिंती दिवसभर उष्णता पितात आणि रात्री सोडतात. दोन साधे तापमापक घ्या, एक आत, एक बाहेर सावलीत. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली आला की सगळं उघडा: वाऱ्याच्या बाजूची खालची खिडकी आणि समोरची उंचावरची झडप. सकाळी बाहेरचा आकडा वर सरकला की बंद. दमट हवेत, जिथे रात्रीही गारवा येत नाही, तिथे हा उपाय चालत नाही. तिथे सावली करून वारा दिवसभर खेळता ठेवा.

पंखा अंगाला गार करतो, खोलीला नाही, तेव्हा रिकाम्या खोलीत तो बंदच हवा. नवा घेणार असाल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा घ्या: जुना पंखा साधारण 75 वॉट खातो, हा 30च्या आसपास.

एवढं करूनही एसी लागलाच, तर क्षमतेचा हिशेब नव्याने करा. ऊन अडवलेल्या खोलीला लहान यंत्र पुरतं. एसी 26 अंशांवर ठेवा आणि सोबत पंखा मंद चालू द्या.