बारावीच्या वर्षी डोमिसाईल काढताय? आधी प्राथमिक शाळेत जाऊन या

घरात कुणी बारावीला असेल आणि सीईटी देऊन इंजिनीअरिंग, फार्मसी असल्या कोर्सला जाणार असेल, तर फी-सवलतीची कागदपत्रं एप्रिलमध्येच हातात घ्या. निकाल लागू दे, मग बघू, असं म्हणू नका. थोरलीच्या वेळी आमचं डोमिसाईल, म्हणजे राज्याचा रहिवासी असल्याचं प्रमाणपत्र, वेळेत आलं नाही आणि पहिल्या वर्षाची सवलत हातची गेली. आता धाकटा बारावीला आहे, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती म्हणजे आपण जिला सरसकट ईबीसी म्हणतो ती. विद्यार्थी महाराष्ट्राचा रहिवासी हवा, घरचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं, प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा, आणि एका कुटुंबातल्या दोनच मुलांना ती मिळते. ट्यूशन फी निम्मी माफ होते. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी या गटांतल्या मुलींना 2024-25 पासून पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर यातलं काहीही मिळत नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठांतही नाही. कॉलेज निवडतानाच हे बघा, नंतर कुणाशी भांडून उपयोग नाही.

आधार, फोटो, मार्कशीट, रेशनकार्ड, लाईट बिल हे सगळ्यांना माहीत आहे, पुढे जाऊ.

डोमिसाईल. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ ठाणे आहे, मग डोमिसाईल कशाला, असं बरेच पालक म्हणतात. दहावी-बारावी इथूनच झालेली असेल तर कॅपच्या प्रवेशाला तेवढ्यावर भागतं, म्हणूनच माणूस गाफील राहतो. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या साईटवर फॉर्म भरताना मात्र डोमिसाईलच मागतात, आणि तेही विद्यार्थ्याच्या नावाचं. वडिलांचं आहे म्हणून ते जोडू नका.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. डोमिसाईलला राज्यात सलग दहा वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. बोटांवर मोजा: बारावीपासून मागे दहा वर्षं म्हणजे तिसरी. कॉलेजच्या बोनाफाईडने, म्हणजे तिथे शिकत असल्याच्या दाखल्याने, अकरावी-बारावी झाली. हायस्कूल पाचवीपासून असेल तर तिथली सहा वर्षं. एकूण आठ. तिसरी-चौथीची दोन वर्षं कमी पडतात, आणि अर्ज परत येतो तो नेमका त्याच दोन वर्षांसाठी. तेव्हा प्राथमिक शाळेचं बोनाफाईड आणा. मूल पहिलीपासून एकाच शाळेत असेल तर प्रश्नच नाही. पण आपल्याकडे भाड्याच्या घरांमुळे कळव्याची शाळा सोडून ऐरोलीला, ऐरोलीची सोडून घणसोलीला असं किती जणांचं झालेलं असतं! अकरा-अकरा महिन्यांचे करारनामे कुणी जपून ठेवत नाही आणि लाईट बिल तर घरमालकाच्या नावावर. अशा घरात दहा वर्षांचा सरळ पुरावा म्हणजे शाळेचे कागदच. म्हणून परत सांगते, प्राथमिक शाळेचं बोनाफाईड.

तेही एप्रिलमध्ये. मे महिन्यात शाळा बंद, उघडणार जूनच्या मध्याला, आणि तेव्हा ऑफिसात नव्या प्रवेशांची गर्दी. क्लार्कला जुनं जनरल रजिस्टर काढायला वेळ नसतो आणि त्यात त्यांची चूकही नाही. जाताना मुलाचा रजिस्टर नंबर घेऊन जा, तो शाळा सोडल्याच्या दाखल्यावर असतो. कागद हातात पडला की तिथेच उभं राहून वाचा. ‘आमच्या शाळेचा विद्यार्थी होता’ एवढंच लिहिलेलं असेल तर परत द्या. कुठल्या इयत्तेपासून कुठल्या इयत्तेपर्यंत, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, हे हवंच. खाली जावक क्रमांक, तारीख, मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. दोन शाळांच्या मध्ये एखादं वर्ष सुटलेलं दिसत असेल तर ते वर्ष मूल कुठे होतं याचा कागद आत्ताच शोधा. शाळा बंद पडली असेल तर तिचं दप्तर कुठे वर्ग झालं ते विचारत जा. एक दिवस जाईल, जाऊ दे.

अर्ज कुठल्या तहसीलचा, यातही घोळ होतो. दिघा, ऐरोलीपासून वाशी, नेरूळ, बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे तालुक्यात येते. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र पनवेल तालुका, जिल्हा रायगड. पत्त्यात नवी मुंबई लिहिता म्हणून ठाणे निवडू नका. ‘आपले सरकार’ या सरकारी साईटवर घरूनही अर्ज करता येतो, पण कागद कमी-जास्त असतील तर सेतू केंद्रात, म्हणजे दाखल्यांचे अर्ज घेतात तिथे, गेलेलं बरं, समोरचा माणूस निदान काय राहिलंय ते सांगतो. सेतूत जायच्या आधी पिशवी उघडून बघा: प्राथमिकचं बोनाफाईड आहे ना? नसेल तर जाऊच नका.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच लागतो. त्याची मुदत 31 मार्चला संपते, त्यामुळे फेब्रुवारीत घाई करून काढलेला पुढच्या प्रवेशाला निरुपयोगी. एप्रिलनंतर काढा. नोकरदारांना फॉर्म 16 जूनच्या मध्यापर्यंत मिळतो, ऑफिसात आधीच सांगून ठेवा.

बँक खातं विद्यार्थ्याच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं. केवायसी झालं म्हणजे आधार सीडिंग (सरकारी पैसे जमा व्हायला आधार खात्याशी जोडणं) झालं असं नाही. बँकेत तेवढं स्पष्ट विचारा. आधारला जोडलेला मोबाईल चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येतो.

पुढचं भराभर. अलॉटमेंट लेटर आणि फीची पावती जपून ठेवा. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. महाडीबीटीचा फॉर्म शेवटच्या तारखेपर्यंत ठेवू नका, साईट अडकते. फॉर्म भरल्यावर कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर जाऊन तो पुढे पाठवला का ते विचारा, आणि अधूनमधून लॉगिन करून स्टेटस बघा. त्रुटी काढून परत आलेला फॉर्म तिथेच पडून राहतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण आपलं आपणच करायचं, हजेरीही बघतात. उत्पन्नाचा दाखला दरवर्षी नवा, डोमिसाईल तेच चालतं.