कोंबड्या कोण नेतंय ते आधी बघा, पिंजऱ्याचं नंतर

गावठी कोंबड्या पाळणाऱ्याने एका रात्रीत अर्धं खुराडं रिकामं झालेली सकाळ बघितलेली असतेच. आमच्याकडे राजापूरला गेल्या पावसाळ्यात 9 गेल्या, त्यात राखणीसाठी ठेवलेला कोंबडा पण, आई त्याला रोज हाताने तांदूळ घालायची. सगळ्या तिथेच पडलेल्या, माना चावलेल्या, खाल्लेली एकच. माझ्याही डोक्यात पहिलं हेच आलं की पिंजरा लावून धरूया एकदाचं.

तसं करू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फासकी लावणं, पिंजऱ्यात धरणं ही पण शिकारच धरतात, मारलं नाही तरी. बिबट्या, घोरपड हे पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, तिथे 3 ते 7 वर्षं शिक्षा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी फासकी काय माणूस बघून आवळत नाही. आमच्या शेजारच्या वाडीत डुकरासाठी क्लच वायरची फासकी लावलेली, त्यात अडकला त्यांच्याच घरचा कुत्रा, कमरेत वायर इतकी रुतलेली की कापताना पक्कड आत जाईना. रत्नागिरी-सिंधुदुर्गात असल्या फासक्यांत बिबटे अडकल्याच्या बातम्या तर दरवर्षी असतात. आणि एक धरून लांब सोडलात तरी जागा रिकामी राहत नाही, दुसरा येतो, खुराड्याचं भोक तिथेच असतं.

म्हणून आधी चोर ओळखा. दिवसाढवळ्या पिल्लं आणि अंडी गेली तर मुंगूस, घोरपड, नाहीतर कावळा-घार. रात्री एकदम चार-पाच मारून टाकलेल्या आणि जागेवरच सोडलेल्या असतील तर बहुतेक कांडेचोर, म्हणजे उदमांजर. आमच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर त्याची विष्ठा होती, सगळ्या भेर्ली माडाच्या बिया, ती फळं तो खातो, तेव्हाच कळलं. कोंबडी अख्खी गायब आणि पिसं रानाच्या दिशेने सांडत गेलेली असतील तर रानमांजर किंवा कोल्हा. आणि एखादी कमी दिसतेय पण कुठे पीसही नाही, तर हात घालायच्या आधी बॅटरी मारून कोपरा बघा, अजगर गिळून तिथेच फुगून बसलेला असू शकतो. तो दिसला तर सर्पमित्राला फोन.

आता खरं काम, भोक बुजवणं. आमचा कांडेचोर कुठून आला ते शोधायला मला दोन दिवस लागले. भिंत चिऱ्याची, दार पक्कं, पण वरच्या ओळीतलं एक कौल चार बोटं सरकलेलं आणि वाशावर त्याच्या नखांचे ओरखडे. लोक दाराला कुलूप लावतात आणि कौलं तशीच सोडतात. कौलांच्या खाली पूर्ण जाळी मारा, वाशांना खिळून. जाळी अर्धा इंची वेल्डमेशच, म्हणजे वेल्डिंग केलेली चौकोनी जाळीच घ्या, ती षटकोनी कोंबडीजाळी कोंबड्या आत ठेवायला ठीक आहे पण बाहेरचा दाताने फाडतो. मुंगसाचं डोकं गेलं की अंग जातं, म्हणून दोन बोटांची फट पण सोडू नका. खाली मातीची जमीन असेल तर जाळी फूटभर गाडा आणि बाहेरच्या बाजूला फूटभर वळवून वर चिरे ठेवा, उकरणारा भिंतीला लागूनच उकरतो आणि त्याला जाळी लागते. दाराला नुसती दोरी नको, कडी आणि त्यात खिट्टी.

पिंजरा लावायचाच तर घुशीसाठी लावा, ती पण पिल्लं आणि अंडी नेते आणि भिंतीखाली बिळं करून बाकीच्यांना वाट करून देते. आमिष सुक्या बोंबलाचं किंवा भाजलेल्या खोबऱ्याचं. अंधार पडल्यावर लावायचा, उजाडायच्या आत बघायचा, दिवसा उघडा ठेवला तर मुंगूस आत जाऊन अडकणार. चुकून दुसरं काही सापडलंच तर वर गोणपाट टाका, अंधारात ते शांत होतं, मग मागून दार उघडून बाजूला व्हा. हाताने ओढायला जाऊ नका.

बिबट्याचं वेगळं, तो कोंबडीपेक्षा कुत्रा आणि बकरीसाठी येतो, त्याला पिंजरा फक्त वनखातं लावतं तेही वरून परवानगी आल्यावर. रात्री बकऱ्या उघड्या पडवीत बांधू नका, गोठ्याला छप्पर आणि पूर्ण दार पाहिजे, भोवतालचं रान साफ करा. बकरी किंवा गाय मारलीच तर ती हलवू नका, फोटो काढा, वनखात्याच्या 1926 हेल्पलाइनवर फोन करा आणि 48 तासांच्या आत वनखात्याला कळवा, पंचनामा झाला तरच भरपाईचं बघता येतं.

आणि रोज दिवेलागणीला मोजून कोंडा. आमच्याकडे एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, हट्टाने फणसावर चढून बसते, तिला खाली आणायला अजून शिडी लावावी लागते, पण ती आत गेल्याशिवाय कडी लागत नाही.